शब्दचर्चा : कामेच्छा, कामवासना की नुसती इच्छा?

तळटीप : आरोग्याच्या एका प्रश्नावलीचं मराठी करतेय. स्त्री-पुरुषांच्या लैंगिक इच्छेत फरक असतो का, हे तपासणारा भाग आहे. ‘कामवासना’ लिहिलं की भडक वाटतं, ‘कामेच्छा’ पुस्तकी. काय घालू?

जुनापुराणा : वासना शब्द बिचारा मुळात साधा हो. तापात ‘जेवणावर वासना नाही’ म्हणतोच की. दहाव्याला कावळा शिवेना की ‘कशात वासना अडकलीय’ असं सगळ्यांदेखत विचारतात. ‘काम’ चिकटला की मात्र थेट बातम्यांतला वासनांध नराधम उभा राहतो. त्यापेक्षा कामेच्छा बरी.

शेंगदाणा : शब्दांची वाटणीच बघा ना. पुरुष रंगेल, हिरवट, आंबटशौकीन. सगळं अर्धं हसत म्हणायचं. बाई चवचाल, उठवळ. स्त्रीलंपट आहे, पुरुषलंपट कुणाच्या तोंडी ऐकलात? म्हातारचळही आजोबांनाच लागतो. आणि ‘कामिनी’! व्युत्पत्तीने काम असलेली, म्हणजे इच्छा तिची. आपण अर्थ घेतो देखणी बाई. इच्छा गेली बघणाऱ्याच्या खात्यात.

गोठा : आमच्याकडे म्हैस माजावर येते, त्यात कुणाला लाज नाही. म्हशीत ‘मुका माज’ असतो : ओरडणं नाही, बाहेरून फारशी लक्षणं नाहीत, पण माज असतो. नुसतं बघून ‘नाही’ म्हणणाऱ्याचा हंगाम वाया जातो. (हे बायकांना लावून मला शिव्या घालू नका.)

जुनापुराणा : लावलंच आम्ही :) गंमत म्हणजे जुना समज उलटा होता. चाणक्यनीतीत बाईबद्दल ‘कामश्चाष्टगुणः स्मृतः’, म्हणजे पुरुषाच्या आठपट. ते कौतुक नव्हे, धाक आहे. कामसूत्रात तर चक्क वाद आहे. औद्दालकी या जुन्या आचार्याच्या मते बाईला पुरुषासारखं सुख नसतं. बाभ्रव्याचे अनुयायी म्हणतात, तिला ते सुरुवातीपासून सलग असतं. वात्स्यायन म्हणतो, जात एक, हेतू एक, मग सुख वेगळं कसं? मराठीत हे उघड मांडायला र. धों. कर्व्यांचं ‘समाजस्वास्थ्य’ मासिक यावं लागलं, १९२७ साली. त्यापायी त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले झाले, आणि १९३४ च्या खटल्यात त्यांची बाजू डॉ. आंबेडकरांनी मांडली.

शेंगदाणा : आणि आजचं शास्त्र?

तळटीप : २०२२ मध्ये २११ अभ्यास एकत्र करून बघितले, माणसं सहा लाखांवर. सरासरीत पुरुष पुढे : विचार जास्त वेळा, इच्छा जास्त वेळा. पण साधारण चौथा हिस्सा बायका सरासरी पुरुषाच्याही वर निघतात. शिवाय आकडे बहुतेक ज्याने-त्याने स्वतः सांगितलेले. चवचाल म्हणून घ्यायच्या भीतीने किती जणी कमी सांगत असतील, आणि मर्दानगीपायी किती जण वाढवून?

शेंगदाणा : म्हणजे प्रश्न कसा विचारता यावरच सगळं आलं. रोझमेरी बॅसन या कॅनडातल्या डॉक्टरबाईंनी २००० साली मांडलंय की अनेकींना इच्छा आधी नसते, जवळीक सुरू झाल्यावर येते. नुसतं ‘कामेच्छा किती वेळा होते’ विचारलंत तर अशी बाई ‘नाही’वर खूण करून मोकळी. गोठेवाल्यांचा मुका माजच झाला की हा.

तळटीप : मग मथळ्यात ‘लैंगिक इच्छा’ ठेवते आणि प्रश्नांत नुसती ‘इच्छा’. प्रश्न दोन करते : ‘आपणहून इच्छा होते का?’ आणि ‘जवळ आल्यावर इच्छा होते का?’ दोन्ही पुरुषांनाही.

गोठा : ‘जवळ आल्यावर’ की ‘जवळ घेतल्यावर’? आमच्याकडच्या बायका दुसऱ्यावरच खूण करतील.

तळटीप : ‘जवळ घेतल्यावर’. बदलते.