मदत हवी आहे: अमिनो आम्लांचा क्रम तोच, मग प्रोटीनचं काम का बंद?

पाटीपुस्तक: उद्या सकाळीच शिकवायचंय, लवकर सांगा. क्रमावरून आकार ठरतो, आकारावरून काम. मग ॲन्फिनसेन या शास्त्रज्ञाच्या प्रयोगात प्रोटीनची घडी उलगडून त्यातले गंधकाचे बंध तोडले, तर ते बंध पुन्हा जुळूनही काम जेमतेम १ टक्का कसं?

शेवंती: कुठल्या टप्प्यावरचा १ टक्का? त्याच प्रयोगात जवळपास सगळं काम परतही आलं होतं.

पाटीपुस्तक: प्रोटीन रायबोन्यूक्लिएज हो, आरएनए कापणारं, १२४ आम्लांचं. अजून काय सांगू?

गणूकाका: अंडं उकडल्यावर परत कच्चं होतं का? आकार एकदा गेला की गेला.

शेवंती: काका, इथे तो परत आला, हेच तर त्या प्रयोगाचं म्हणणं. अंड्यात उलगडलेल्या साखळ्या एकमेकींत गुंतून गोळा होतो.

दुर्बीण: सिकल सेल हा रक्ताचा आजार शिकवा. बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन, एवढ्यानेच हिमोग्लोबिनचे रेणू एकमेकांना चिकटून लांब दोरे होतात.

पाटीपुस्तक: माझ्या प्रश्नात क्रम बदललेलाच नाहीये!

शेवंती: घडी उलगडणारा युरिया आधी काढला की बंध तोडणारं मर्कॅप्टोइथेनॉल?

पाटीपुस्तक: मर्कॅप्टोइथेनॉल. युरिया तसाच ठेवून हवेतल्या ऑक्सिजनने बंध जुळू दिले. त्याने काय फरक पडतो?

शेवंती: सगळा फरक तिथेच आहे. साखळीत ८ सिस्टीन, म्हणजे गंधकवाली आम्लं, दोन-दोन जुळून त्यांचे ४ बंध. जोड्या लावायच्या रीती १०५, बरोबर एकच. युरियात साखळी सैल लोंबत असते, म्हणून जो सिस्टीन जवळ येईल त्याच्याशी गाठ बसते. मग युरिया काढला तरी त्या चुकीच्या गाठी घडी पडू देत नाहीत. दोन्ही एकदम काढले तर घडी पडता पडता योग्य सिस्टीन शेजारी येतात. आणि काम करणारे हिस्टिडीन (हीही आम्लंच) १२ आणि ११९ क्रमांकाचे! साखळीत एवढे लांब, घडी बसली की समोरासमोर. घडी नाही तर आरएनए कापणार कोण?

दुर्बीण: पण पेशीत घडी घालायला चॅपरोन, म्हणजे मदतनीस प्रोटीन, लागतात, म्हणजे क्रम पुरेसा नाहीच.

शेवंती: बऱ्याच प्रोटीनना लागतात, पण ते मुख्यतः गुंता होऊ देत नाहीत. कुठली घडी हे क्रमच ठरवतो.

 

पाटीपुस्तक: ८ ठिपके काढून जोड्या मोजल्या. ७ × ५ × ३ = १०५. म्हणजे तो १ टक्का निव्वळ योगायोगाने बरोबर जुळलेल्यांचा! मग चुकीच्या गाठी कायमच्या का?

शेवंती: नाही. मर्कॅप्टोइथेनॉलचा अगदी थोडा अंश घाला. गाठी सुटतात, पुन्हा बसतात आणि सुमारे १० तासांत काम परत येतं.