अमीन सयानी लहान गावांना आपले का वाटत होते?

गीतवेडा (प्रश्न):
रेडिओ निवेदक अमीन सयानी यांचे २० फेब्रुवारी २०२४ रोजी मुंबईत निधन झाले, तेव्हा आमच्या तालुक्याच्या गावातली वडीलधारी मंडळी घरचे माणूस गेल्यासारखी हळहळली. मी त्यांना केवळ जुन्या ध्वनिमुद्रणांतून ऐकले आहे. माणूस मुंबईचा, कार्यक्रम श्रीलंकेतल्या रेडिओ सिलोनवरचा आणि भाषा हिंदी. असे असताना इतक्या दूरच्या गावांना तो आपलाच निवेदक का वाटावा? आवाज गोड होता, एवढ्या उत्तराने माझे समाधान होत नाही.

लघुलहरी:
आधी त्या वेळची परिस्थिती पाहावी लागेल. १९५२ मध्ये माहिती व नभोवाणी मंत्री झालेले बाळकृष्ण केसकर शास्त्रीय संगीताचे कट्टर पुरस्कर्ते होते आणि त्यांच्या धोरणामुळे आकाशवाणीवरून चित्रपटगीते जवळजवळ हद्दपार झाली. त्याच वर्षाच्या डिसेंबरात रेडिओ सिलोनवर सयानींचा चित्रपटगीतांचा कार्यक्रम ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाला. कार्यक्रमाचे ध्वनिमुद्रण मुंबईत होत असे, फिती विमानाने कोलंबोला जात आणि बुधवारी रात्री आठ वाजता तिथल्या शक्तिशाली प्रक्षेपकावरून तोच आवाज समुद्र ओलांडून परत आपल्याकडे येई. हे प्रक्षेपण लघुलहरींवरून (शॉर्ट वेव्ह) होई आणि त्यांना शहर आणि आडगाव सारखेच असल्यामुळे जवळचे आकाशवाणी केंद्र जिथे धड लागत नसे, तिथेही सिलोन लागत असे. विविध भारती १९५७ मध्ये आली, पण तोवर लोकांच्या बुधवारच्या रात्री ठरून गेल्या होत्या. सयानींच्या लोकप्रियतेत एका मराठी मंत्र्याचा असा उलटा हातभार आहे, हे सहसा कोणी बोलत नाही.

पोस्टकार्ड:
वरील कारण खरे आहे, परंतु त्यातून सिलोन लोकप्रिय का झाले एवढेच कळते. सिलोनवर इतरही चांगले निवेदक होते. माझ्या मते खरी गोष्ट पत्रांची आहे. पहिल्याच कार्यक्रमाला सुमारे नऊ हजार पत्रे आली आणि पुढे हा आकडा आठवड्याला साठ हजारांच्या वर गेला, असे सयानी स्वतः सांगत. पुढे लोकप्रियतेनुसार गाण्यांचा क्रम ठरू लागला तेव्हा तबकड्यांच्या (रेकॉर्डच्या) विक्रीबरोबर गावोगावच्या श्रोता संघांचे मतही विचारात घेतले जाई. त्यामुळे ज्या गावात तबकड्यांचे दुकानही नव्हते, त्या गावालाही आपले गाणे वरच्या पायरीवर चढल्याचा अभिमान वाटू शकत होता. फर्माइशींच्या कार्यक्रमांमुळे झुमरीतलैया हे अभ्रकाच्या खाणींचे गाव देशभर ठाऊक झाले, ते याच काळात. स्वतःच्या गावाचे नाव रेडिओवरून ऐकणे ही तेव्हा लहान बाब नव्हती.

निवेदनप्रेमी:
दोन्ही प्रतिसाद पटले, तरी मूळ प्रश्न निवेदनाचा होता आणि ते बाजूला पडले आहे. सयानींची सुरुवात थोरले बंधू हमीद यांच्या हाताखाली इंग्रजी निवेदनाने झाली. आकाशवाणीच्या हिंदी आवाजचाचणीत मात्र त्यांना नाकारण्यात आले, कारण त्यांच्या उच्चारांवर इंग्रजी आणि गुजराती वळणाची छाप होती. त्यांच्या आई कुलसुम सयानी ‘रहबर’ हे पाक्षिक नागरी, उर्दू आणि गुजराती अशा तीन लिप्यांत, नवसाक्षरांना कळेल अशा सोप्या हिंदुस्तानीत काढत आणि त्या कामात मुलाची मदत होत असे. मला वाटते, त्यांच्या निवेदनाची घडण तिथे झाली. संस्कृतप्रचुर हिंदी बातम्या ऐकताना आमच्याकडच्या माणसाला बिचकायला होई, पण सयानींची हिंदी ज्यांना जेमतेम हिंदी येत होती त्यांनाही सहज समजत असे. शिवाय ते ‘बहनों और भाइयों’ म्हणताना बहिणींना आधी हाक मारत, आणि स्वयंपाकघरातून कान देणाऱ्या बायकांच्या ते नक्की लक्षात येत असणार.

त्यांची नक्कल करणारे गावोगावच्या वाद्यवृंदांत पुष्कळ झाले. त्यांनी चढउतार उचलले, हसरा सूरही उचलला. पण गीतकार आणि संगीतकार यांची नावे गायकाइतक्याच आदराने घेण्याची सयानींची सवय त्यांच्यापैकी फार थोड्यांनी उचलली. आपण ध्वनिमुद्रणे पुन्हा ऐकणार असाल, तर गाणी पुढे ढकलून केवळ मधले बोलणे सलग ऐकावे, अशी माझी शिफारस आहे.