कीबोर्ड बंद पडला की गिऱ्हाईकच खोटं?

राजेंद्रनगरची
काल इथे आपल्या इंदूरकरांच्या ग्रुपवर रामबागच्या काकांनी लिहिलंय, 'कीबोर्ड आपोआप बिघडत नसतो, आधी चहा सांडायचा अन् मग वॉरंटी मागायची, हा लोकांचा धंदाच झालाय.' वाचून डोकं फिरलं म्हणून लांबलचक लिहितेय.

माझं काम भाषांतराचं, दिवसभर टायपिंग. लॅपटॉपला वर्षसुद्धा झालं नव्हतं आणि इंग्रजी ई (E) चं बटण अडायला लागलं, कधी उठायचंच नाही तर कधी दोनदा उठायचं. इनस्क्रिप्टमध्ये, म्हणजे भारतीय भाषांच्या प्रमाणित कीबोर्ड मांडणीत, ई वर काना असतो, आता कान्याशिवाय मराठी लिहून दाखवा कोणीतरी. बाहेरचा यूएसबी कीबोर्ड लावला तर सगळं नीट. विंडोज सुरू व्हायच्या आधीच्या हार्डवेअर टेस्टमध्येही तेच बटण फेल, म्हणजे ड्रायव्हरचा, सॉफ्टवेअरचा प्रश्नच नाही. सर्व्हिस सेंटरवाला लॅपटॉप आत घेऊन गेला, बाहेर येऊन म्हणाला लिक्विड डॅमेज आहे, वॉरंटी संपली, कीबोर्ड पॅनेलला रिव्हेट केलेला असतो त्यामुळे वरचं पूर्ण पॅनेल बदलावं लागेल. खर्चाचा आकडा ऐकून मी गप्पच झाले. डाग कुठेय, फोटो दाखवा म्हटलं तर 'आमच्याकडे फोटो देत नाहीत.' का देत नाहीत? वॉरंटी नाकारायचीय ना, मग नाकारणाऱ्याने दाखवावं आणि लेखी द्यावं. मी वॉरंटी फुकट मागत नाहीये, लॅपटॉपच्या किमतीत ती धरलेली असते.

रामबाग_जुना
ताई, तुमच्याबद्दल लिहिलं नव्हतं. पण काउंटरच्या या बाजूला बसून बघा एकदा. आमचं रिपेअरिंगचं दुकान, आता मुलगा बघतो. बटण काढलं की खाली शेव, जिरावण मसाला, केस, काय नसतं! लोक नाश्त्याची प्लेट लॅपटॉपवर ठेवून ऑफिसचं काम करतात अन् शपथ घेऊन सांगतात की काहीच सांडलं नाही. चहात साखर असते, ती वाळली की आतली पट्टी चिकटते आणि बटण आठवड्यांनी मरतं, तोवर गिऱ्हाइकाला आठवतही नाही. माणूस खोटं बोलत नसेलही, पण कंपनीने का भरावं?

सुदामानगर
काका, सगळ्यांनाच एका माळेत ओवू नका. अ‍ॅपलचं आठवतंय? २०१५ मध्ये मॅकबुकला बटरफ्लाय कीबोर्ड आणला, बटणांखालची यंत्रणा पातळ करण्याच्या नादात. जरा धूळ गेली की बटण अडणार किंवा अक्षर दोनदा उठणार. लोक ओरडत राहिले, शेवटी २०१८ मध्ये कंपनीने स्वतःच फुकट दुरुस्तीची योजना काढली, खरेदीपासून ४ वर्षांपर्यंत. २०१९ च्या शेवटी परत जुनी कात्रीवाली रचना आणली. अमेरिकेत त्यावर खटला झाला, २०२२ मध्ये ५ कोटी डॉलरवर तडजोड झाली. त्या सगळ्यांनी चहा सांडला होता का?

टिळकनगरचा
बाकी जाऊ द्या, आजच्या जमान्यात इनस्क्रिप्ट कोण वापरतं? फोनेटिक टाका, इंग्रजी अक्षरांत उच्चार लिहिला की मराठी उमटतं, किंवा सरळ बोलून टाईप करा. एका बटणावर इतकं रडगाणं कशाला?

राजेंद्रनगरची
रडगाणं? तासाला पानं मोजून पैसे मिळतात मला. बोलून टाईप केलेलं तपासायला दुप्पट वेळ जातो. आणि फोनेटिकमध्ये ई नसेल तर काय मोठं चालणार आहे, इंग्रजीचं सगळ्यात जास्त वापरलं जाणारं अक्षरच ते!

ग्वाल्हेरवाली_सून
इनस्क्रिप्टला नावं ठेवू नका हं. ळ शिफ्ट-एनवर, ऱ्या-ऱ्हा चा ऱ शिफ्ट-जेवर, एकदा बोटं बसली की बघावंही लागत नाही. फोनेटिकवाल्यांचं 'बाळ' चं 'बाल' झालेलं रोज वाचते मी.

टिळकनगरचा
कॅपिटल एल दाबला की ळ येतो. येत नसेल तर शिकून घ्या.

महू_नाका
दोघं थांबा, खरा त्रास रेमिंग्टनचा, त्या जुन्या टाईपरायटरच्या मांडणीचा आहे. माझ्या भाचीने सीपीसीटीसाठी, म्हणजे मध्य प्रदेशातल्या सरकारी कॉम्प्युटर-टायपिंग परीक्षेसाठी, रेमिंग्टन गेल (रेमिंग्टनचाच प्रकार) शिकून घेतलं कारण क्लासवाल्याला तेच येतं. आता घरी मराठी लिहायला बसली की बोटं तिकडेच जातात. आणि ऑफिसातून कृतिदेव या युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमधल्या फायली येतात, फॉन्ट नसला की नुसती इंग्रजी अक्षरं अन् चिन्हं. युनिकोड येऊन इतकी वर्षं झाली, तरी पोरांना हे का शिकवतात? याच्यावर धागा काढा कोणीतरी!

ग्वाल्हेरवाली_सून
परीक्षेत इनस्क्रिप्टचा पर्याय आहे ना, घ्यायचा होता.

महू_नाका
क्लास तुम्ही काढून देता का आमच्या गल्लीत? बोलायला काय जातंय.

रामबाग_जुना
विषय वॉरंटीचा होता. सुदामानगर, मोठ्या कंपनीचं डिझाइन चुकलं म्हणून प्रत्येक बंद बटण डिझाइनचंच असं होत नाही.

सुदामानगर
आणि काही बटणांखाली शेव निघाली म्हणून प्रत्येक बटणाखाली शेव आहे असंही होत नाही.

पलासियाची_वकील
ताई, लॅपटॉप परत हातात घेण्याआधी जॉबशीटवर (सर्व्हिस सेंटरच्या कामाच्या कागदावर) नाकारण्याचं कारण लिहून घ्या, नाही दिलं तर तुम्हीच मेलवर मागा आणि तो मेल जपून ठेवा. मग १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार. तेवढ्याने नाही झालं तर जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात तक्रार तुम्ही राहता तिथे करता येते, म्हणजे लॅपटॉप ऑनलाइन घेतला असला तरी इंदूरमध्येच. ५ लाखांपर्यंतच्या वस्तूला फी नाही, मुदत २ वर्षं. बिघाड नेमका कशाचा हे डोळ्यांनी ठरत नसेल तर आयोग वस्तू लॅबकडे तपासायला पाठवू शकतो. पण तोवर सिल्व्हर मॉलमधल्या कॉम्प्युटरच्या दुकानांत कोणाकडून उघडून घेऊ नका, मग म्हणतील तुम्हीच छेडछाड केली.

रामबाग_जुना
बरं, फोटो द्यायला पाहिजे, हे मानतो. फोनमध्ये कॅमेरा असतो, दोन मिनिटं लागतात, न देण्याचं काही कारण नाही. पण आयोगाच्या धमक्या देत काउंटरवर आलात तर कोणी नीट बोलणार नाही, हे माझं मत कायम.

राजेंद्रनगरची
काका, नीट बोलूनच गेले होते, हात जोडून. तरी डाग नाही दाखवला. मेल आत्ताच टाकलाय, कारण आणि फोटो दोन्ही मागितलेत. तोवर बाहेरचा कीबोर्ड मांडीवर घेऊन काम चालूय, उद्याची डेडलाइन कोणी पुढे ढकलत नाही.

टिळकनगरचा
मेलचं उत्तर आलं की इथे टाका. आणि कॅपिटल एलचं मी बरोबरच बोललो होतो.