बाईची तक्रार आणि पोलीस: प्रशिक्षण कमी पडतंय की दुसरंच काही?

रानवारा: नवऱ्यानं मारलं म्हणून बाई ठाण्यात येते. ओठ फुटलेला. पहिला प्रश्न, "पितो का तो?" दुसरा, "जेवायला उशीर झाला होता का?" मग "उद्या दोघं मिळून या, समजावू." फारच झालं तर एनसी, म्हणजे अदखलपात्र नोंद. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याचं कलम ५ सांगतं की संरक्षण अधिकारी, मोफत वकील, नवऱ्याच्या छळाच्या ४९८अ (आता भारतीय न्याय संहितेचं ८५) खाली फिर्याद द्यायचा हक्क, हे सगळं पोलिसांनीच तिला सांगायचं. किती ठाणे अंमलदार सांगतात? भरतीनंतरच्या प्रशिक्षणात कलमं पाठ होतात. समोर रडणाऱ्या बाईशी पहिली दहा मिनिटं काय बोलायचं याचा सराव हवा, आणि तो हवालदारांना हवा.

खाकीघर: वडील हवालदार म्हणून रिटायर झाले, म्हणून बोलतो. गणपती, निवडणूक, मंत्र्यांचा दौरा. बलात्काराच्या फिर्यादीत जबाब महिला अधिकाऱ्यानं घ्यायचा, बरोबर; पण ती अधिकारी शेजारच्या तालुक्यात बंदोबस्ताला. कार्यशाळेचं प्रमाणपत्र भिंतीला टांगायचं का? आणि खरं सांगायचं तर, चार दिवसांनी तीच तक्रारदार बाई नवऱ्याला सोडवायला येते.

विदुला_: येणारच! घर त्याच्या पगारावर चालतं. त्याला आत न टाकता मारहाण थांबवण्याचा आदेश, घरात राहायचा हक्क, खर्चाला पैसे, हे २००५ च्या कायद्यातच आहे. तिला नेमकं तेच हवं असतं आणि तेच कुणी सांगत नाही.

वकिलीचहा: शिकवणी पुरे, शिक्षा करा. १९७२ चं मथुरा नावाच्या मुलीवरच्या बलात्काराचं प्रकरण पोलीस ठाण्यातच घडलं, देसाईगंजला. नागपूर खंडपीठानं दोषी धरलेल्या दोघा पोलिसांना सुप्रीम कोर्टानं १९७८ मध्ये सोडलं. १९८३ ला बलात्काराचा कायदा बदलला तो रस्त्यावर उतरलेल्या बायकांमुळे, वर्गातल्या फळ्यामुळे नाही. आता न्याय संहितेचं कलम १९९ आहे, फिर्याद न घेणाऱ्या पोलिसाला किमान ६ महिने कैद. चार जणांना लावा, बाकीचे आपोआप शिकतील.

रानवारा: १९९ ची यादी वाचा. बलात्कार, विनयभंग, अ‍ॅसिड हल्ला आहे, ८५ नाही. नवऱ्याच्या मारहाणीला तुमचा दंडुका पोचतच नाही. शिवाय सुप्रीम कोर्टाच्या ललिता कुमारी निकालानं (२०१३) वैवाहिक वादात एफआयआरआधी चौकशीची मुभा दिली आहे. ती मुभा किती ताणायची, हे शिकवल्याशिवाय कसं कळणार?

मधलीवाट: खोट्या केसेसचं काय? सुप्रीम कोर्टाचा अर्णेश कुमार निकाल (२०१४) उगाच आला का?

विदुला_: तो ४९८अ मधल्या सरसकट अटकेबद्दल आहे हो, फिर्याद घेण्याबद्दल नाही. "वरून अटक बंद आहे" म्हणून बाईला परत पाठवणारे अंमलदारही हीच गल्लत करतात. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेनं १९८४ मध्ये मुंबई पोलीस आयुक्तालयात अशा बायकांसाठी विशेष कक्ष काढला. पोलिसांच्याच इमारतीत समाजकार्यकर्त्या. हवालदाराला समुपदेशक बनवण्यापेक्षा हे बरं.

खाकीघर: हे पटतं. पण आधी नोंद, मग समुपदेशन. नाहीतर तो कक्ष म्हणजे फिर्याद टाळायचा मागचा दरवाजा.

विदुला_: सरसकट नाही. बलात्कारात आधी एफआयआर, तिथे वाद नाही. मारहाणीत काहींना त्या दिवशी गुन्हा नकोच असतो, फक्त माहेरी सोडणारी जीप हवी असते. तिला विचारा की.