ॲबर्डीनच्या थंड उन्हाळ्यात भाजीपाल्याची लागवड केव्हा करावी?

सांगलीकर (ॲबर्डीन)

नमस्कार. मी तीन वर्षांपूर्वी सांगलीहून स्कॉटलंडमधील ॲबर्डीन येथे राहावयास आलो. गेल्या वर्षी मला भाड्याने लागवडीस मिळणारा जमिनीचा एक तुकडा, ज्याला इथे अलॉटमेंट म्हणतात, तो मिळाला. एप्रिलच्या मध्यास सलग चार दिवस ऊन पडलेले पाहून मी फरसबी पेरली. तिचे बी जमिनीतच कुजले. 12 मे रोजी मिरचीची रोपे बाहेर लावली आणि आठवडाभरातच एका रात्रीच्या दहिवराने ती काळी पडली. कोथिंबीर व पालक उत्तम उगवले, पण जूनमध्ये वीतभर उंचीचे असतानाच फुलावर आले, आणि याचे कारण मला अजून उमगलेले नाही. आता एप्रिलचा पहिला आठवडा चालू आहे. कोणती भाजी केव्हा लावावी आणि नाशिककडील लाल कांद्याचे बी इथे चालेल का, याविषयी अनुभवींनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तरेचा वाफा (डंडी)

आपली पहिली चूक जवळजवळ प्रत्येक नवागताच्या हातून होते. एप्रिलमधील उन्हाने हवा तापते, पण हिवाळाभर गारठलेली ओली जमीन इतक्या लवकर तापत नाही. फरसबीला उगवण्यासाठी मातीचे तापमान सुमारे 12 अंश सेल्सिअस लागते, तर वाटाणा आणि बाकला (ब्रॉड बीन) 5–6 अंशांतही तग धरतात. त्यामुळे आज आपण वाटाणा, बाकला आणि कांद्याच्या लहान गड्ड्या निःशंकपणे लावू शकता. बटाटे याच महिन्याच्या मध्यास लावावेत, मात्र त्यांचे कोंब वर आल्यावर थंड रात्री मातीची भर द्यावी किंवा फ्लीसचे पांढरे कापड पांघरावे. गाजर व बीट यांना मे महिन्याची सुरुवात बरी. आपल्याकडे वाफसा पाहून पेरणी करतात, तोच निकष इथेही लावावा: माती मुठीत दाबली असता चिखलाचा गोळा होत असेल, तर तारीख काहीही असो, थांबावे.

मिरचीविषयी स्पष्टच सांगतो. ॲबर्डीनला ऐन जुलैमध्येही दुपारचे सरासरी कमाल तापमान 18 अंशांच्या आसपास असते. त्यातच उत्तर समुद्रावरून येणारे गार धुके, ज्याला इथले लोक ‘हार’ म्हणतात, ते भर दुपारी सूर्य झाकून टाकते. उघड्यावरच्या मिरचीच्या बाबतीत या शब्दाचा मराठी अर्थही खरा ठरतो. मिरची, टोमॅटो आणि काकडी काचघरात किंवा प्लॅस्टिकच्या बोगद्यातच लावावीत. फरसबी आणि झुकिनी यांची रोपे मेच्या सुरुवातीस घरातील खिडकीत तयार करावीत, आठ-दहा दिवस ती दिवसा बाहेर आणि रात्री आत ठेवून काटक करावीत आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात वाफ्यात लावावीत. मृग नक्षत्र लागते तोच हा सुमार असल्यामुळे आपल्याला तारीख लक्षात ठेवणे कठीण जाऊ नये.

पालेभाजी (एडिनबरा)

वरील उत्तर थंडीपुरते पूर्ण आहे. कोथिंबीर आणि पालक यांना मात्र थंडीने नव्हे, प्रकाशाने फसवले. या दोन्ही वनस्पती दिवस लांबला की फुलावर येतात, आणि ॲबर्डीनमध्ये 21 जूनला सूर्य सुमारे 18 तास क्षितिजावर असतो. सांगलीत तो वर्षातील मोठ्यात मोठ्या दिवशीही सव्वातेरा तासांच्या आसपासच असतो, म्हणून ही अडचण आपल्याला तिथे कधी जाणवली नसावी. उपाय साधा आहे: पालक ऑगस्टच्या आरंभी पेरावा, म्हणजे तो वाढीला लागेपर्यंत दिवस 14 तासांवर उतरतो. लांब पांढरा मुळाही जुलैच्या मध्यानंतरच पेरावा. कोथिंबीर उन्हाळ्यात हवीच असेल, तर दर पंधरा दिवसांनी थोडे थोडे बी टाकावे आणि पाने कोवळी असतानाच कापून घ्यावीत. मात्र पेरणी फार लांबवू नये, कारण ऑक्टोबरअखेर दिवस 10 तासांहूनही लहान होतो आणि वाढ जवळजवळ थांबते.

लाल कांद्याचे बी मागवू नये. तो कमी लांबीच्या दिवसांचा वाण आहे. बारा तासांच्या आसपासचा दिवस मिळताच तो गड्डा धरू लागतो. ॲबर्डीनला एप्रिलच्या मध्यालाच दिवस 14 तासांहून मोठा असल्यामुळे पात वाढण्यापूर्वीच गड्डा धरेल आणि हाती सुपारीएवढे कांदे येतील. शिवाय वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्राशिवाय असे बी भारतातून आणता येत नाही. उत्तरेकडील लांब दिवसांचे वाण इथल्या दुकानांत सहज मिळतात.

सांगलीकर (ॲबर्डीन)

दोघांचेही मनःपूर्वक आभार. या आठवड्यात वाटाणा व कांदा लावतो आणि पालकाचे बी ऑगस्टपर्यंत राखून ठेवतो. एकच शंका उरली: मातीचे तापमान नेमके केव्हा आणि कसे मोजावे? आणि मेथीचे काय?

उत्तरेचा वाफा (डंडी)

तापमापकाचे टोक बोटभर खोल रोवून सकाळी नऊच्या सुमारास नोंद घ्यावी; दुपारचा आकडा मोह पाडतो. फरसबीसाठी सलग आठवडाभर 12 अंश दिसल्याशिवाय वाफ्यात बी टाकू नये. मेथी मेच्या अखेरीस दाट पेरावी आणि फुले येण्याची वाट न पाहता कोवळी असतानाच उपटावी. पहिल्या पंधरवड्यात गोगलगायींवर लक्ष ठेवावे, कारण त्या एका रात्रीत संपूर्ण वाफा साफ करतात.