आर्किटेक्चरची इटली स्टडी टूर : ‘ऐच्छिक’ सहलींपैकी कुठल्या घ्याव्यात?

टॉवेलवाला_अक्कलकोटरोड

नमस्कार मंडळी. सोलापूरहून लिहितोय. एमआयडीसीत टेरी टॉवेलचा छोटा कारखाना आहे. मुलगी आर्किटेक्चरच्या तिसऱ्या वर्षाला. कॉलेजची स्टडी टूर नोव्हेंबरात निघतेय, नऊ दिवस, रोम-फ्लोरेन्स-व्हेनिस. बेचाळीस पोरं-पोरी आणि तीन सर-मॅडम. मूळ पैसे भरून झाले, त्याबद्दल तक्रार नाही.

आता जो कार्यक्रमाचा कागद आलाय, त्याच्या पाठीमागं बारीक अक्षरात ‘ऐच्छिक सहली’ म्हणून चार नावं आहेत. रोमहून पॉम्पेई, दिवसभराची आणि सगळ्यात महाग. रोम-फ्लोरेन्सच्या वाटेवर ओर्व्हिएतो. फ्लोरेन्सहून सिएना अधिक सॅन जिमिन्यानो. आणि तिथनंच पिसा अधिक लुक्का. चारही घेतल्या तर माझ्या एका विणकराची दोन महिन्यांची मजुरी होते. दोनच घ्यायच्या असं मी ठरवलंय. घरात ते मान्य नाही ती गोष्ट वेगळी. बायको म्हणते, पोरगी एकदाच जाणार, कशाला हात आखडता घेता. पोरगी म्हणते, सगळ्या मैत्रिणी पिसा घेताहेत.

माझा आणि इटलीचा संबंध म्हणजे एक सेकंडहँड इटालियन रेपियर लूम, म्हणजे कापड विणायचा माग. तो दर पंधरा दिवसांनी रुसतो. त्यापलीकडं मला काही कळत नाही. जाणकारांनी सांगावं, कुठल्या दोन? शनिवारपर्यंत होकार कळवायचाय.

पुणेरी_पायपीट

पिसा. विचार कसला करताय? इटलीला जाऊन कललेला मनोरा बघितला नाही म्हटलं तर लोक वेड्यात काढतील. आणि वास्तुशास्त्राच्या मुलीला त्याहून चांगला धडा कुठला? 1173 साली पाया घातला, खालची माती भुसभुशीत, तीन मजले होईतो एका अंगानं खचायला सुरुवात. 1990 ला लोकांसाठी बंद केला, ज्या बाजूला उंच होता तिथली माती थोडी थोडी काढून कल कमी केला आणि 2001 ला पुन्हा उघडला. पायथ्याशी हात टेकवून फोटो काढायचा, झालं.

बाई_रेल्वेलाइन्स

टॉवेलवाले भाऊ, मी तुमच्याच गावची. चौतीस वर्षं इतिहास शिकवला. निवृत्तीच्या आदल्या वर्षी शिक्षकांच्या एका अभ्याससहलीबरोबर इटलीला गेले होते, तीही नोव्हेंबरातच. त्यामुळं तुमचा कागद न बघताही मला तो पाठ आहे.

आमच्याही कागदावर ‘सिएना अधिक सॅन जिमिन्यानो’ होतं. एका पैशात दोन गावं, म्हणून आम्ही सगळ्यांनी मान डोलावली. प्रत्यक्षात काय झालं ते सांगते. आठची बस पावणेनऊला सुटली, कारण आमच्यातल्या एका सरांचा चष्मा खोलीत राहिला. सिएनाला सव्वा तास. जुन्या गावात बस जाऊ देत नाहीत, मोटारगाड्या त्यांनी 1960 च्या दशकातच बंद केल्यात. बस खाली उभी, आपण चढण चढून वर. मग स्वच्छतागृहाची रांग. मग ‘ग्रुप लंच’, त्यात सव्वा तास. हातात राहिली पन्नास मिनिटं! त्या पन्नास मिनिटांत मी पियाझ्झा देल काम्पो हा चौक पाहिला. उताराचा, शिंपल्यासारखा, सगळा विटांचा, आणि पांढऱ्या दगडी रेघांनी त्याच्या नऊ फाका केलेल्या. तेव्हा गावचा कारभार नऊ जणांचं मंडळ बघायचं, म्हणून नऊ. मी जाऊन मधोमध जमिनीवर बसले. विटा नोव्हेंबरातही थोड्या उबदार होत्या. पाच मिनिटं झाली नाहीत तोवर आमच्या मॅनेजरनं छत्री वर केली, चला.

आणि सॅन जिमिन्यानोला पोचलो तर अंधार. तिकडं त्या महिन्यात पाचच्या सुमाराला सूर्य मावळतो, हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं आणि आम्हीही विचारलं नव्हतं. त्या गावात एके काळी 72 मनोरे होते म्हणतात, आता 14 उरलेत. मी त्यातले तीन बघितले, तेही दिव्यांनी उजळलेले. बाकीचे अकरा माझ्या हिशेबी पुस्तकातच.

म्हणून माझं म्हणणं असं की, किती गावं ते मोजू नका. एकेका गावात पायांवर किती तास मिळणार तेवढं विचारा. कागदावर ‘पूर्ण दिवस’ लिहिलेलं असतं, तो दिवस बसचा असतो.

सिएना मात्र सोडू नका. तिथल्या पालाझ्झो पुब्लिकोत, म्हणजे नगरपालिकेच्या वाड्यात, त्या नऊ जणांच्या बैठकीच्या खोलीत अम्ब्रोज्यो लोरेन्झेत्तीनं 1338-39 मध्ये भिंती रंगवल्यात. एकीकडं चांगल्या कारभाराचं गाव. गवंडी पराती घेऊन छपरावर चढलेत, चांभार दुकानात आहे, मास्तर पोरांना शिकवतायत. समोर वाईट कारभाराचं गाव, शिंगं असलेला राजा आणि पडकी घरं. कारभारी रोज ह्या दोन भिंतींच्या मधे बसून निर्णय घ्यायचे. आपल्या महापालिकेत अशी एक भिंत रंगवावी असं मला तिथं फार वाटलं, असो. ती खोली त्या दिवशी उघडी आहे ना, हे सरांना आधी विचारायला सांगा.

आणि मुलीसाठी खास म्हणजे तिथलं कॅथेड्रल. ते आहे त्याच्या दुपटीनं मोठं करायचं म्हणून 1339 ला काम काढलं आणि 1348 च्या प्लेगनं निम्मं गाव नेलं. अर्धवट भिंत आजही तशीच उभी आहे, तिच्यावर चढता येतं. पुरी झालेली इमारत सगळेच दाखवतात हो. थांबलेलं काम बघायला मिळणं कठीण.

घोड्यांच्या शर्यतीच्या, पालिओच्या वेळी (2 जुलै आणि 16 ऑगस्ट) ती तिथं नसेल. पण गावातल्या सतरा पेठांची निशाणं कोपऱ्याकोपऱ्यावर दिसतील. गोगलगाय, कासव, हंस, सुरवंट अशी. जागा नाही म्हणून एका वेळी दहाच पेठांचे घोडे धावतात, आणि स्वार पडला तरी नुसता घोडा पुढं आला तर जिंकतो. आपल्याकडं गड्ड्याला, म्हणजे सिद्धेश्वरांच्या यात्रेत, सात नंदीध्वज (उंच मानाच्या काठ्या) निघतात, त्यात कुठल्या काठीचा मान कुणाचा ह्यावरून ज्यांनी घरात चर्चा ऐकल्यात, त्यांना सिएना समजावून सांगावं लागत नाही.

पॉम्पेईबद्दल एवढंच, रोमहून जाऊन-येऊन बसमध्येच पाच-सहा तास. त्यात तिकडच्या ड्रायव्हरला साडेचार तास गाडी चालवली की पाऊण तास थांबावंच लागतं, कायदाच आहे. जागा अफाट आहे, पण ह्या टूरमध्ये ती कोंबलेली वाटते.

टॉवेलवाला_अक्कलकोटरोड

बाई, नमस्कार करतो. पाच वाजता अंधार ही गोष्ट कुणाच्याच डोक्यात नव्हती. सरांना फोन केला, ते म्हणाले, ‘अरेच्चा.’

पॉम्पेईचं एक विचारतो. आमच्या चौकातले एक जण म्हणाले, तिथं आपल्याकडची लक्ष्मीची मूर्ती सापडलीय, पोरीला बघू द्या. खरं आहे का, की व्हॉट्सअॅपचं?

बाई_रेल्वेलाइन्स

खरं आहे, पण पॉम्पेईला जाऊन दिसणार नाही! 1938 साली तिथल्या एका घरात हस्तिदंती बाई सापडली. वीतभराहून जरा मोठी, दोन्ही अंगांना दोन छोट्या दासी, अंगभर दागिने. ‘पॉम्पेईची लक्ष्मी’ नाव पडलंय, पण बरेच अभ्यासक ती यक्षी मानतात. इसवी सन 79 मध्ये ज्वालामुखीनं गाव गाडलं, म्हणजे त्याआधीच ती इथनं तिकडं पोचली होती. ठेवलीय नेपल्सच्या संग्रहालयात. तुमच्या कागदावर नेपल्स नाही.

पण तिची बहीण शोभेल अशी हस्तिदंती मूर्ती तुमच्यापासून दोन-अडीच तासांवर आहे. धाराशिवच्या पुढं तेरला, रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालयात. तेर म्हणजे जुनं तगर. रोमशी व्यापार करणारं गाव. एका ग्रीक खलाशाच्या प्रवासवर्णनात त्याचं नाव आलंय, आणि तिथनं कापड जायचं, हे तुम्हाला आवडेल. एका रविवारी मुलीला तिकडं घेऊन जा. त्रिविक्रमाचं देऊळ दाखवा, जुनं विटांचं, मागची बाजू गोल, चैत्यासारखी. विटांचं तेर बघून मग विटांचं सिएना बघितलं तर तिला काय वेगळं ते स्वतःला दिसेल. डिझेलचा खर्च फक्त.

बार्शीकर_सध्या_बोलोन्या

तेरचं नाव वाचून लॉगिन केलं. आजोळ आहे आमचं! बाईंच्या सगळ्याला अनुमोदन, दोन गोष्टी माझ्याकडून.

एक, ओर्व्हिएतो घ्या. ते वाटेवरच आहे, त्यामुळं बसचा जाण्या-येण्याचा वेगळा दिवस जळत नाही. उंच कातळावर बसलेलं गाव, खालच्या स्टेशनावरून दोरीच्या गाडीनं वर जायचं. वर एक विहीर आहे, पोझ्झो दि सान पात्रित्सिओ. 1527 ला रोम लुटलं गेलं तेव्हा पोप पळून ह्या गावात आला. वेढा पडला तर पाणी पाहिजे, म्हणून खोदून घेतली. तिच्यात गोल फिरत जाणारे दोन जिने एकात एक गुंफलेत, पायऱ्या 248. पाणी आणायला खाली जाणारी खेचरं एका जिन्यानं, भरून वर येणारी दुसऱ्यानं, मधे कुठंच आमनेसामने नाहीत. मी उतरताना पलीकडच्या खिडकीतून वर जाणारा माणूस दिसत होता, हात केला, त्यानंही केला, आणि आम्ही शेवटपर्यंत भेटलो नाही. बारवा बघत वाढलेल्या माणसाला ही विहीर बघून हेवा वाटतो.

दोन, हे टॉवेलवाल्या काकांसाठी. फ्लोरेन्सहून लोकल ट्रेननं साधारण अर्ध्या तासावर प्रातो म्हणून गाव आहे. ते इटलीचं सोलापूर समजा. मध्ययुगापासून लोकरीचं कापड, नंतर चिंध्यांचा धंदा. जगभरच्या जुन्या लोकरी कपड्यांच्या गाठी यायच्या, बायामाणसं रंगानुसार वेगळ्या करायची, फाडून पुन्हा सूत काढायचं. रंग आधीच असल्यामुळं रंगवायचा खर्च वाचायचा. तिथलं कापड संग्रहालय एका जुन्या गिरणीतच आहे. पाडली नाही त्यांनी. पिसाच्या दिवशी जे मागं राहणार, त्यांना कुणी सर घेऊन जात असतील तर विचारा. मुलांना एकटं सोडणार नाहीत, सोडूही नये.

खाण्याचं : त्या भागातल्या पावात मीठ नसतं. पहिल्या घासाला वाटतं, बेकरीवाला विसरला. शेंगाचटणी द्या बरोबर, त्या पावाला तीच तारते. तूप, पेढे, खवा मात्र देऊ नका, दुधाचे पदार्थ युरोपात आणायला बंदी आहे. विमानतळावर एका आजींचे पेढे कचऱ्यात जाताना मी पाहिलेत. आजी रडल्या नाहीत, पण बाजूला उभा राहून मला वाईट वाटलं.

पुणेरी_पायपीट

म्हणजे पिसा कुणीच घेऊ नका असं चाललंय की काय इथं?

बाई_रेल्वेलाइन्स

घ्या की, कोण नको म्हणतंय. फक्त मनोऱ्यावर चढायचं तिकीट त्या पैशात आहे का ते विचारा. आमच्या वेळी नव्हतं, खालून वर बघून परत आलो. आणि लुक्काला थोडा वेळ मिळाला तर गावाभोवतीचा तट अख्खा आहे, चार-सव्वाचार किलोमीटर, वरून चालता येतं, झाडं लावलीत. आपल्या भुईकोटाच्या तटावरून असं फिरता आलं असतं तर मी रोज गेले असते.

टॉवेलवाला_अक्कलकोटरोड

मंडळी, काय झालं ते सांगून टाकतो.

पालकांच्या ग्रुपवर बाईंचं ‘पायांवर किती तास’ टाकलं. दोन दिवस नुसता गोंधळ. एका पालकांनी विचारलं, एक गाव कमी झालं तर पैसे कमी होणार का. बरोबरच आहे त्यांचं, मीही तेच विचारलं होतं. कंपनी म्हणाली, पैसे तेवढेच, बस तीच. पण सरांनी लावून धरलं आणि सॅन जिमिन्यानो काढून सिएनाचा पूर्ण दिवस करून घेतला. जेवण ज्याचं त्यानं, ग्रुप लंच नाही. कॅथेड्रलच्या अर्ध्या भिंतीवर चढायचं तिकीट त्यात घालून घेतलं. एकतीस जणांनी नावं दिली. ओर्व्हिएतो सगळ्यांचंच झालं. पिसा अकरा जणांनी घेतलं, त्यात आमची नाही. तिनं आपणहून सोडलं, मी काही बोललो नाही, खरंच. त्या दिवशी एक मॅडम सहा जणींना घेऊन प्रातोला जाणार आहेत.

रविवारी तेरला जाऊन आलो. संग्रहालयात ती मूर्ती बघितली. पोरगी काचेला नाक लावून उभी. देवळात तिनं टेप काढला आणि विटा मोजायला लागली, लांबी, रुंदी, जाडी, वहीत. पुजाऱ्याला वाटलं पुरातत्त्वची माणसं आलीत. दीड तास. मी तोवर गोरोबाकाकांच्या समाधीचं दर्शन घेतलं, बाहेर दोन चहा झाले.

चटणी एक किलो ठरली होती, बायकोनं दोन बांधायला घेतलीय. आणि प्रातोच्या संग्रहालयातनं मला फोटो पाठव म्हणून सांगितलंय, इमारतीचा नको, कापडाचा. अगदी जवळून, ताणा-बाणा मोजता येईल असा. बार्शीकर, तिथं जुने माग चालू करून दाखवतात का हो?