रीजनलिस्ट चित्रकार: प्रादेशिक, प्रांतवादी की देशी?

सायली_के:
अमेरिकन चित्रकलेवरचा एक लेख मराठीत करतेय. ग्रँट वुड, थॉमस हार्ट बेंटन, जॉन स्टुअर्ट करी, हे तिघं आयोवा, मिझुरी, कॅन्ससचे, १९३०च्या मंदीत शेतं नि खेड्यातली माणसं रंगवणारे. त्यांना रीजनलिस्ट म्हणतात. मी 'प्रादेशिक चित्रकार' लिहिलं, तपासणाऱ्यांनी खोडून 'प्रांतवादी' केलं, ते मला अजिबात पटत नाहीये. प्रांतवाद म्हटलं की आपल्याकडे परप्रांतीय वगैरे भांडणं आठवतात, आणि हे लोक तर म्हणत होते खरी अमेरिका इथे आहे, पॅरिसच्या नकलेत नाही. दुसरा शब्द आहे का?

जुना_वाचक:
'प्रादेशिक'च ठेवा. प्रादेशिक कादंबरी म्हणतोच की आपण. इझम दिसला की वाद चिकटवायचा ही सवय सोडायला हवी.

माळरान:
पण काका, प्रादेशिक म्हटलं की राष्ट्रीयच्या खालचं वाटतं, प्रादेशिक पक्ष, प्रादेशिक बातम्या. बेंटन तर १९३४च्या डिसेंबरात टाइम साप्ताहिकाच्या कव्हरवर होता. मी 'देशी' म्हणेन, देश म्हणजे राष्ट्र पण आणि घाटावरचा तो देश पण.

जुना_वाचक:
देशी म्हणजे गाय, कोंबडी नि दारू हो. आणि वुड १९२८ला म्युनिकला गेला, तिथली जुनी उत्तर युरोपीय चित्रं बघून त्याचा हात बदलला. मग देशी कसला?

माळरान:
शिकला कुठून यापेक्षा रंगवलं काय ते बघा ना. बेंटनने मिझुरीच्या विधानभवनात गुलामांना पडणारे फटके आणि जेसी जेम्सचा दरोडा काढला, आमदार चिडले. करीने कॅन्ससच्या विधानभवनात गुलामगिरीविरुद्ध शस्त्र उचललेला जॉन ब्राऊन काढला, एका हातात बायबल एका हातात बंदूक, मागे वावटळ नि वणवा, तिथल्या लोकांना आवडलं नाही आणि त्याने त्या भित्तिचित्रांवर सहीच केली नाही. प्रांतवादी माणूस आपल्या प्रांताची जखम अशी भिंतीवर काढेल का? ते 'प्रांतवादी' तेवढं काढाच ताई.

तापीकाठ:
लेखात वुडचं 'अमेरिकन गॉथिक' हे चित्र असेलच. त्या शेतकऱ्याच्या हातातल्याला काय लिहिलंत? मी एकदा 'त्रिशूळ' वाचलंय, फार वाईट वाटलं.

सायली_के:
दाताळं लिहिलंय. शेजारची मात्र बायको नाही, मुलगी म्हणून काढलीय, उभी केली होती वुडची बहीण आणि त्याचा डेंटिस्ट.

तापीकाठ:
दाताळ्याचे दात वाकडे, ते ओढायचं हत्यार. चित्रातलं गवत उचलायचं, तीन सरळ दात, आणि वुडने तोच आकार शेतकऱ्याच्या डंगरीच्या शिवणीत परत काढलाय, म्हणून शब्द नीट हवा. 'तीन दातांचा काटा' लिहा.

जुना_वाचक:
काटा म्हणजे जेवणाचा वाटेल. आमच्या आजोळी कोल्हापूरकडे सरळ दातांच्यालाही दाताळंच म्हणायचे, खळ्यावर भुस्कट सारायला असायचं.

तापीकाठ:
सारायला म्हणताय, म्हणजे ओढायचंच झालं ना? लाकडी होतं का लोखंडी, तेवढं सांगा.